सेरोटोनिनला मुखदर्शन, सायलोसिनला पदस्पर्श

महाशिवरात्र जवळ आली की सोलापुरात मोबाइलवर एक मजकूर फिरायला लागतो. यंदाही आला. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: ऋषिमुनी प्यायचे तो सोमरस म्हणजे ‘मॅजिक मशरूम’, महादेवाला आपण धोत्रा वाहतो त्यातही तेच द्रव्य, भांगेतही तेच, आणि आता अमेरिकेतले डॉक्टर नैराश्यावरचं औषध म्हणून तेच विकायला निघालेत, आपण मात्र झोपलोय. खाली जोडलेले हात आणि ‘पुढे पाठवा’. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने तो मला पाठवला आणि वर स्वतःची पुस्ती जोडली, “सर, हे खरं असलं तर सिद्धेश्वराच्या देवळाबाहेर दहा रुपयांना मिळतंय की हो ते!”

या पुस्तीमुळेच लिहायला बसलो. मजकुरातल्या बाकीच्या चुका हसून सोडून देता येतात, ही चूक जिवावर बेतू शकते.

धोत्र्यात ॲट्रोपिन, हायोसायमिन आणि स्कोपोलामिन ही अल्कलॉइडं असतात. ॲसिटिलकोलिन नावाचा एक संदेशवाहक मेंदूत आणि शरीरभर काम करत असतो, त्याचा रस्ता ही द्रव्यं अडवतात. तोंड कोरडं पडतं, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात, अंग तापतं, लघवी तुंबते, छाती धडधडते आणि माणूस बरळायला लागतो. खोलीत नसलेल्या माणसाशी तो तासन्‌तास गप्पा मारतो, आणि तो माणूस तिथे नाही हे त्याला उमगतच नाही. शुद्धीवर आल्यावर बहुतेकांना यातलं काही आठवत नाही. प्रवाशांना गुंगीचं काहीतरी खायला घालून लुटल्याच्या बातम्या येतात, त्यांत धोत्र्याचं बी पूर्वीपासून बदनाम आहे. गंमत अशी, की फवारणीचं औषध पोटात गेलेल्या शेतकऱ्याला दवाखान्यात वाचवतात ते यातल्याच ॲट्रोपिनने. पण तिथे डॉक्टर मिलिग्रॅम मोजून देतो, बाहुल्या आणि नाडी बघत बघत वाढवतो. झुडपावरच्या बोंडात किती अल्कलॉइड आहे ते झाडागणिक बदलतं आणि बघून कुणालाच सांगता येत नाही. महादेवाने हलाहल पचवलं म्हणून त्याला वाहिलेलं सगळं भक्तालाही पचेल, असं कुठल्याच पुराणात लिहिलेलं नाही.

भांगेचं गाव तिसरंच. तिच्यातलं नशा आणणारं द्रव्य टीएचसी मेंदूतल्या कॅनाबिनॉइड रिसेप्टरांवर, म्हणजे निरोप घेणाऱ्या प्रथिनांवर, काम करतं. तिचा सोमाशी, मशरूमशी किंवा धोत्र्याशी रासायनिक संबंध नाही.

औषधशास्त्रात ज्यांना खरी सायकेडेलिक (भास घडवून मनाचा अनुभव बदलणारी) द्रव्यं म्हणतात त्यांतली मुख्य नावं चार: काही जातींच्या कुत्र्याच्या छत्र्यांत (‘मॅजिक मशरूम’ त्याच) मिळणारं सायलोसायबिन, पेयोटे निवडुंगातलं मेस्कॅलिन, अनेक वनस्पतींत आढळणारं डीएमटी आणि प्रयोगशाळेत जन्मलेलं एलएसडी. ही सगळी मुख्यतः एकाच ठिकाणी जाऊन काम करतात. ते ठिकाण म्हणजे सेरोटोनिन या मेंदूतल्या आणखी एका संदेशवाहकाचा ‘२-ए’ रिसेप्टर. त्याच्याकडे पुढे सविस्तर येतो, कारण हा लेख मुळात त्याच्यासाठीच आहे.

आधी सोमाचं संपवून टाकू. ऋग्वेदाचं नववं मंडल सोमाच्या स्तुतीने भरलेलं आहे, पण वनस्पती नेमकी कोणती यावर अभ्यासकांचं एकमत झालेलं नाही. मशरूमची कल्पना कुण्या भारतीयाची नाही, ती गॉर्डन वॉसन या अमेरिकन बँकरने १९६८ साली मांडली. त्याने निवडलेली छत्री म्हणजे लाल टोपीवर पांढरे ठिपके असलेली अमानिता मस्कारिया. तिच्यात सायलोसायबिन नसतंच. तिच्यातलं मस्किमॉल ‘गाबा’ नावाच्या वेगळ्याच यंत्रणेवर काम करतं. म्हणजे वॉसन बरोबर असला तरी मोबाइलवरचा मजकूर चूकच राहतो. दुसरे अभ्यासक इफेड्राकडे बोट दाखवतात, कारण पारशी धर्मातल्या हओमाच्या, म्हणजे सोमाच्याच भावंडाच्या, विधीत ती वनस्पती आजही वापरतात. आपल्याच जिल्ह्यात बार्शीजवळ सोमयाग होतात. आजकाल सोमवल्ली म्हणून जी दाखवतात ती बहुतेक वेळा बिनपानांची, चीक गळणारी एक वेल असते. तिचा रस घेऊन कुणाला त्रिभुवन दिसल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

सोलापूरकराला या विषयाशी आपलं नातं जोडायचंच असेल तर त्याने खरिपात बाजरीच्या शेतात जावं. बाजरी फुलोऱ्यात असताना आभाळ सलग भरलेलं राहिलं आणि बारीक पाऊस लागून राहिला, की कणसातून मधासारखे चिकट, गुलाबीसर थेंब पाझरायला लागतात. काही दिवसांनी दाण्याच्या जागी काळपट, टणक गाठी दिसतात. हा अरगट. क्लॅव्हिसेप्स फ्युजिफॉर्मिस नावाची बुरशी तो रोग आणते. यावरचा उपाय जुन्या शेतकऱ्यांना पाठ आहे: १० लिटर पाण्यात २ किलो मीठ विरघळवायचं, त्यात बियाणं सोडायचं, वर तरंगलेलं काढून नष्ट करायचं आणि तळाचं बी धुऊन सावलीत वाळवून पेरायचं. अरगटाच्या गाठी दाण्यापेक्षा हलक्या असतात, त्या मिठाच्या पाण्यात वर येतात. त्या तशाच दळल्या गेल्या तर भाकरी खाणाऱ्याला मळमळ, उलट्या, चक्कर आणि गुंगी येते. १९५० च्या दशकात तेव्हाच्या मुंबई राज्याच्या दक्षिण भागात अशी साथ आली होती. पुढे १९७५ साली राजस्थानात लोक आजारी पडले, त्याचा अभ्यास हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने केला.

या बुरशीची युरोपातली बहीण क्लॅव्हिसेप्स पर्प्युरिया. ती राय या धान्यावर वाढते. मध्ययुगात तिने गावंच्या गावं आजारी पाडली, लोकांची बोटं आणि पाय काळे पडून गळून गेले. तिच्यातली अल्कलॉइडं रक्तवाहिन्या आवळतात, त्याचा तो परिणाम. तोच गुण नेमक्या प्रमाणात वापरला तर बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबतो. प्रसूतिगृहाच्या फ्रीजमध्ये मेथर्जिनच्या कुप्या असतात, त्या याच घराण्यातल्या. बाझेलच्या सँडोझ कंपनीत आल्बर्ट हॉफमन हा रसायनतज्ज्ञ या अल्कलॉइडांच्या मुळाशी असलेल्या लायसर्जिक आम्लापासून एकामागून एक संयुगं बनवत होता. १९३८ साली बनवलेलं पंचविसावं संयुग म्हणजे एलएसडी-२५. प्राण्यांवर विशेष काही दिसलं नाही म्हणून ते बाजूला पडलं. पाच वर्षांनी, एप्रिल १९४३ मध्ये, त्याने ते पुन्हा बनवलं तेव्हा थोडं अंगात गेलं आणि त्याला चमत्कारिक वाटायला लागलं. १९ एप्रिलला त्याने मुद्दाम पाव मिलिग्रॅम घेतलं आणि सायकलवरून घरी जाताना त्याला भास व्हायला लागले. पाव मिलिग्रॅम त्याला फारच सावध मात्रा वाटली होती. प्रत्यक्षात ती चांगलीच मोठी होती.

मग बाजरीच्या अरगटातही एलएसडीचं बीज आहे का? असा नवा मजकूर उद्या फिरायच्या आत सांगून ठेवतो: नाही. पर्प्युरिया बुरशी ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून सुरुवात करून पायरीपायरीने ॲग्रोक्लॅव्हिन, एलिमोक्लॅव्हिन आणि शेवटी लायसर्जिक आम्लापर्यंत जाते. बाजरीवरच्या बुरशीत शेवटच्या पायऱ्यांची जनुकं उत्क्रांतीत निकामी झाली आहेत, त्यामुळे ती एलिमोक्लॅव्हिनपाशी थांबते. म्हणून भोगीच्या तीळ लावलेल्या भाकरीत बाजरी सडकी निघाली तर उलट्या होतील, साक्षात्कार होणार नाही.

सायलोसायबिनची वाट मात्र प्रयोगशाळेतून सुरू झाली नाही. मेक्सिकोच्या ओआहाका प्रांतात डोंगराळ भागात माझातेक लोक राहतात. तिथल्या हुआउतला दे हिमेनेस गावात मारिया साबिना नावाची वैदू बाई होती. तिच्याकडे रात्री, अंधारात, मंत्र म्हणत छत्र्या खायचा विधी चालायचा. हेतू साधा असायचा: घरात कुणी आजारी आहे, त्याला काय झालंय आणि तो बरा होईल का, हे शोधायचं. देव बघायला, मजा करायला किंवा ‘स्वतःला शोधायला’ तिच्याकडे कुणी येत नसे. सोळाव्या शतकात स्पॅनिश पाद्री बेर्नार्दिनो दे साहागुन याने अशा छत्र्यांची नोंद केली होती. पुढे चर्चच्या दडपणाखाली हे विधी लपूनछपून चालत राहिले. १९५५ साली वॉसन तिथे पोचला. हाच तो सोमवाला, न्यूयॉर्कच्या जे. पी. मॉर्गन बँकेतला मोठा अधिकारी. मे १९५७ मध्ये त्याचा लेख ‘लाइफ’ या अमेरिकन साप्ताहिकात आला. त्यात त्याने बाईंचं नाव बदललं होतं, पण गाव शोधायला लोकांना वेळ लागला नाही. पुढच्या दशकात हिप्पींचे तांडे येऊन थडकले, मागोमाग पोलीस आले, गावकऱ्यांनी दोष साबिनाबाईंना दिला आणि त्यांचं घर जाळलं. वॉसनच्या १९५६ च्या फेरीत एक रसायनतज्ज्ञ सामील झाला होता, तो अमेरिकी गुप्तहेर खात्याच्या पैशावर आला होता हे नंतर उघड झालं. मनावर ताबा मिळवणारं औषध त्या खात्याला हवं होतं.

त्या छत्र्या पॅरिसमार्गे हॉफमनकडे आल्या आणि १९५८ साली त्याने त्यांतून सायलोसायबिन वेगळं काढलं. १९६२ मध्ये तो स्वतः हुआउतलाला गेला, सोबत कारखान्यात बनवलेल्या सायलोसायबिनच्या गोळ्या घेऊन. साबिनाबाईंनी त्या गोळ्यांवर विधी केला आणि यांतही छत्र्यांचीच शक्ती आहे असा निर्वाळा दिला. वैज्ञानिकाच्या दृष्टीने याहून चांगली चाचणी कुठली? जिला त्या द्रव्याचा जन्मभराचा अनुभव, तीच परीक्षक.

इतर परंपरांकडे धावती नजर टाकतो. मेक्सिकोतले विक्सारिका लोक पेयोटेसाठी सान लुइस पोतोसीच्या वाळवंटातल्या विरिकुता या पवित्र भूमीची यात्रा करतात. पूर्वी ती पूर्ण पायी असे, आता बरीच वाट गाडीने होते. अमेरिकेत पेयोटेचा विधी करणाऱ्या मूळनिवासींच्या चर्चची १९१८ साली ओक्लाहोमात रीतसर नोंदणी झाली. १९९४ च्या कायद्याने त्यांच्या विधीला पूर्ण संरक्षण मिळालं. ॲमेझॉनच्या जंगलातल्या आयाहुआस्का या काढ्यात तर सुंदर रसायनशास्त्र आहे. डीएमटी असलेली पानं नुसती उकळून प्यायली तर काही होत नाही, कारण आतड्यातलं आणि यकृतातलं एमएओ हे विकर डीएमटीचे तुकडे करून टाकतं. म्हणून त्यात एक वेल घालतात. वेलीतलं हार्मिन त्या विकराला रोखतं. आधुनिक औषधशास्त्राला एमएओ रोखणारं पहिलं औषध १९५० च्या दशकात, तेही क्षयावरच्या औषधाच्या दुष्परिणामातून सापडलं. जंगलातल्या लोकांना हे ‘वनस्पतींनी स्वप्नात सांगितलं’ असं लिहिणारे पाश्चात्त्य पर्यटक मला आपल्या सोमवाल्या मजकुराचे चुलतभाऊ वाटतात. पिढ्यान्‌पिढ्या करून बघणं, लक्षात ठेवणं आणि पोरांना शिकवणं याचं श्रेय त्या लोकांच्या डोक्याला देताना यांची जीभ अडखळते.

आता माझ्या आवडीचा भाग. रसायनाचा कंटाळा असलेल्यांनी पुढचे काही परिच्छेद वरवर वाचले तरी माझी तक्रार नाही.

सेरोटोनिन हा आपल्याच शरीरात बनणारा संदेशवाहक. त्यातला सुमारे ९० टक्के आतड्यात बनतो आणि तो रक्तातून मेंदूत शिरत नाही, मेंदू स्वतःपुरता वेगळा बनवतो. मेंदूच्या बाह्यपटलातल्या मोठ्या, शंकूच्या आकाराच्या पेशींत त्याचे २-ए रिसेप्टर भरपूर असतात. रिसेप्टर म्हणजे पेशीच्या आवरणातून सात वेळा आतबाहेर जाणारी प्रथिनाची साखळी. तिच्या खोबणीत योग्य रेणू बसला की साखळीची ठेवण किंचित बदलते आणि पुढची रासायनिक कामं सुरू होतात. १९९८ साली झुरिकमध्ये फ्रांझ फोलेनवायडर यांच्या गटाने स्वयंसेवकांना आधी हा रिसेप्टर अडवणारं केटॅन्सेरिन दिलं आणि मग सायलोसायबिन. भास झाले नाहीत. म्हणजे मुख्य दार हेच, याबद्दल शंका उरली नाही.

पण मग एक कोडं पडतं. आपलं स्वतःचं सेरोटोनिन या रिसेप्टरच्या खोबणीत रोज, रात्रंदिवस बसत असतं. तरी कुणाला भिंतीवरची नक्षी हलताना दिसत नाही. नैराश्यावर नेहमी देतात त्या एस्सिटालोप्रामसारख्या गोळ्या पेशींबाहेरचं सेरोटोनिन वाढवतात, तरीही नाही. शिवाय त्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे जातात. रिसेप्टर तोच, मग फरक कशाने पडतो?

दोन्ही रेणू शेजारी मांडून बघा. सेरोटोनिन म्हणजे ट्रिप्टामिनच्या सांगाड्यावर पाचव्या जागी एक हायड्रॉक्सिल गट आणि एक शेपटी, शेपटीच्या टोकाला नायट्रोजन. सायलोसायबिन पोटात गेलं की त्याच्यावरचा फॉस्फेट सुटतो आणि सायलोसिन उरतं, पुढचं सगळं काम सायलोसिनचं. त्याचा सांगाडा तोच, फक्त हायड्रॉक्सिल पाचव्याऐवजी चौथ्या जागी आणि नायट्रोजनवर दोन मिथिल गट. एवढाच बदल. पण चौथी जागा शेपटीला लागून आहे. त्यामुळे शेपटी वळून हायड्रॉक्सिलपाशी येते, दोघांत हायड्रोजन बंध जुळतो आणि पाण्याकडे ओढ असलेले रेणूचे दोन्ही भाग एकमेकांतच गुंतून राहतात. बाहेरच्या जगाला दिसते ती रेणूची तेलकट बाजू. सेरोटोनिनची गोष्ट उलटी. शरीराच्या सामूवर त्याच्या नायट्रोजनला एक हायड्रोजन आयन चिकटलेला असतो, म्हणजे रेणूवर धन भार असतो, आणि पाचव्या जागेवरचा हायड्रॉक्सिल शेपटीपासून लांब उघडा पडलेला. पेशीचं आवरण चरबीच्या रेणूंच्या दोन थरांचं. त्यातून तेलकट रेणू सरकतो, भारित रेणू बाहेरच थांबतो.

डेव्हिड ओल्सन यांच्या कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या गटाने २०२३ साली दाखवलं ते इथे जुळतं. बाह्यपटलाच्या या पेशींत २-ए रिसेप्टरांचा मोठा साठा पृष्ठभागावर नाहीच. तो आत आहे, शाळेत आपण जीवशास्त्राच्या आकृतीत काढायचो त्या गॉल्गी संकुलाच्या आसपास. पंढरपूरला गेलेल्याला मुखदर्शन आणि पदस्पर्श दर्शन यांतला फरक सांगावा लागत नाही: विठोबा तोच, पण एकाला लांबून तोंड बघून पुढे सरकावं लागतं आणि दुसऱ्याला गाभाऱ्यात जाऊन पायांवर डोकं ठेवता येतं. सेरोटोनिनला मुखदर्शन मिळतं, सायलोसिनला पदस्पर्श.

कल्पना आकर्षक आहे, पण वैज्ञानिकाचं समाधान कल्पनेवर होत नाही. त्या गटाने केलेल्या तपासण्या मला कल्पनेहून जास्त आवडल्या. पहिली: ट्रिप्टामिनच्या नायट्रोजनवर एकेक मिथिल वाढवत नेला. रेणू जितका तेलकट, तितकी चेतापेशींची वाढ जास्त. दुसरी: मुद्दाम कायमचा भार दिलेले, म्हणजे आत जाऊच न शकणारे रेणू बनवले. पेशींची वाढ झाली नाही. मग विजेच्या सूक्ष्म झटक्यांनी पेशीच्या आवरणाला क्षणभर छिद्रं पाडून तेच रेणू आत सोडले. वाढ झाली. तिसरी आणि सगळ्यात हुशार: सेरोटोनिन आत ओढून घेणारं एक वाहक प्रथिन असतं, ते बाह्यपटलाच्या या पेशींत सहसा नसतं. जनुकं घालून त्या पेशींना ते प्रथिन बनवायला लावलं. आता साधं सेरोटोनिनही आत जाऊ लागलं, आणि त्यानेही पेशींची वाढ झाली. उंदरांतही हाच प्रकार दिसला.

वाढ म्हणजे नेमकं काय? चेतापेशीच्या वृक्षिकांवर, म्हणजे तिच्या फांद्यांवर, सूक्ष्म काटे असतात, शेजारच्या पेशीचा निरोप या काट्यांवर उतरतो. दीर्घकाळच्या ताणात आणि नैराश्यात कपाळामागच्या बाह्यपटलातले हे काटे विरळ होतात असे पुरावे आहेत. येलमधल्या ॲलेक्स क्वान यांच्या गटाने २०२१ साली उंदरांना सायलोसायबिनची एकच मात्रा दिली आणि जिवंत उंदराच्या मेंदूत सूक्ष्मदर्शकातून तेच ते काटे पुन्हा पुन्हा मोजले. एका दिवसात काट्यांची दाटी आणि आकार सुमारे १० टक्क्यांनी वाढला, आणि वाढलेल्यातले काही महिन्याभरानेही टिकून होते. द्रव्य शरीरातून केव्हाच निघून गेलं होतं.

यात एक गाठ अजून सुटलेली नाही. त्याच २०२३ साली हेलसिंकीच्या एरो कास्त्रेन यांच्या गटाने दाखवलं, की एलएसडी आणि सायलोसिन ‘ट्रकेबी’ या वेगळ्याच प्रथिनाला थेट आणि घट्ट चिकटतात. ट्रकेबी म्हणजे मेंदूतल्या वाढीच्या घटकाचा रिसेप्टर. त्यांच्या मते भासांचं दार २-ए, पण वाढीचं दार ट्रकेबी. माझा कल ओल्सन यांच्याकडे आहे, कारण वाहक प्रथिनाच्या प्रयोगाला मला दुसरं सोपं उत्तर सुचत नाही. पण माझ्या कलाला प्रयोगशाळेत किंमत नाही.

आणखी एक निकाल वैदूंच्या पद्धतीवर वेगळाच प्रकाश टाकतो. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ग्युल डोलेन यांच्या गटाने तरुण उंदरांचा एक ‘शिकण्याचा काळ’ मोजला. या वयात उंदीर सोबत्यांच्या संगतीची गोडी शिकतो, वय वाढलं की ते दार बंद होतं. सायकेडेलिक आणि त्यांच्या जवळची द्रव्यं दिल्यावर प्रौढ उंदरांतही ते पुन्हा उघडलं: केटामिन या भुलीच्या औषधाने सुमारे ४८ तास, सायलोसायबिनने दोन आठवडे, एलएसडीने तीन, आयबोगेन या आफ्रिकी झुडपातल्या द्रव्याने चार. उघडं असताना उंदराला जे भेटतं ते तो शिकतो, मग ते चांगलं असो वा वाईट. साबिनाबाईंची रात्र आठवा: ठरलेला हेतू, ओळखीचा माणूस सोबत, सतत चाललेलं गाणं. आजच्या चाचण्यांतही दोन प्रशिक्षित माणसं रुग्णाजवळ बसतात, डोळ्यांवर पट्टी असते, संगीत ठरलेलं असतं, आधी तयारीच्या आणि नंतर बोलण्याच्या बैठका असतात. माझातेकांना डोलेन यांचे उंदीर ठाऊक नव्हते, पण उघड्या दारातून काय आत येऊ द्यायचं याची काळजी ते घेत होते. गोव्यातल्या पार्टीत ती कोण घेतो?

माणसांवरचे निकाल आता आटोपशीर सांगतो. २०१६ साली जॉन्स हॉपकिन्समध्ये ५१ आणि न्यूयॉर्क विद्यापीठात २९ कर्करोगग्रस्तांना सायलोसायबिन देऊन पाहिलं. मृत्यूची धास्ती आणि नैराश्य बऱ्याच जणांत महिनोन्‌महिने कमी राहिलं. २०२१ मध्ये लंडनला ५९ रुग्णांवर सायलोसायबिन विरुद्ध एस्सिटालोप्राम असा सामना झाला. आधी ठरवलेल्या मुख्य मोजपट्टीवर सहा आठवड्यांनी फरक सिद्ध झाला नाही. २०२२ मध्ये औषधांना दाद न देणाऱ्या २३३ रुग्णांना १, १० किंवा २५ मिलिग्रॅमची एकच मात्रा दिली. तीन आठवड्यांनी २५ मिलिग्रॅमच्या गटात ३७ टक्क्यांना चांगला गुण आला, १ मिलिग्रॅमच्या गटात १८ टक्क्यांना. बारा आठवड्यांपर्यंत तो टिकलेले २० आणि १० टक्के. म्हणजे औषध आहे, पण ‘एका गोळीत नैराश्य गायब’ ही जाहिरात आहे. ऑस्ट्रेलियाने जुलै २०२३ पासून मान्यताप्राप्त मनोविकारतज्ज्ञांना ते द्यायची परवानगी दिली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ऑगस्ट २०२४ मध्ये याच चळवळीतल्या एमडीएमएला (पार्ट्यांतलं ‘एक्स्टसी’) नकार दिला आणि आणखी चाचणी मागितली.

नकारामागचं एक कारण या क्षेत्राच्या पाचवीलाच पुजलेलं आहे. औषधाची चाचणी करताना कुणाला खरं आणि कुणाला खोटं मिळालं हे रुग्णाला कळू द्यायचं नसतं. पण ज्याला सहा तास छत हलताना दिसलं त्याला काय मिळालं हे कळल्याशिवाय राहतं का? आणि ज्याला काहीच झालं नाही तो हिरमुसतो, त्याचा आकडा आणखी खाली जातो. अपेक्षेची ताकद किती असते ते ‘सूक्ष्म मात्रा’ घेणाऱ्यांनी दाखवून दिलं. संगणकवाल्या तरुणांत ही फॅशन आहे, दर काही दिवसांनी किंचित घ्यायचं आणि म्हणे डोकं धारदार होतं. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजने २०२१ साली १९१ जणांना स्वतःच्याच कॅप्सूल न कळता अदलाबदल करून घ्यायला लावल्या. रिकाम्या कॅप्सूल घेणाऱ्यांनाही तितकंच छान वाटलं.

आपल्याकडे सायलोसायबिन, मेस्कॅलिन, डीएमटी आणि एलएसडी चारही अमली पदार्थविरोधी कायद्याखाली येतात. एलएसडीच्या बाबतीत ०.१ ग्रॅम ही मात्राच ‘व्यावसायिक’ धरली जाते आणि शिक्षा दहा वर्षांपासून सुरू होते. इंटरनेटवर ‘हर्बल मशरूम चॉकलेट’ म्हणून जे विकतात त्यात नेमकं काय आहे ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. चाचण्यांत तर ज्यांच्या घरात स्किझोफ्रेनिया किंवा दोन ध्रुवांचा (बायपोलर) मनोविकार आहे अशांना आधीच वगळतात, कारण त्यांच्यात वेड उफाळण्याची भीती असते. पावसाळ्यात उकिरड्यावर उगवलेली छत्री तोडून खाणाऱ्याला तर ती कुठल्या जातीची हेही माहीत नसतं, आणि काही जाती यकृत जाळून टाकतात.

संशोधकांत सध्याचा मोठा वाद वेगळा आहे. ओल्सन यांचा गट म्हणतो, काटे वाढणं हाच उपचार आहे, भास हा दुष्परिणाम, तो काढून टाकू. त्यांनी आयबोगेनच्या धर्तीवर टॅबरनान्थालॉग नावाचा रेणू बनवला, उंदरांवरच्या प्रयोगांत त्यात भास घडवण्याची लक्षणं दिसली नाहीत आणि काटे मात्र वाढले. दुसरा पक्ष म्हणतो, रुग्ण बरा होतो तो त्या सहा तासांत त्याला जे उमगतं त्यामुळे, ते काढलं तर उरेल काय? स्टॅनफर्डमध्ये केटामिनच्या बाबतीत एक धाडसी प्रयोग झाला. शस्त्रक्रियेसाठी पूर्ण भूल दिलेल्या ४० नैराश्यग्रस्तांपैकी निम्म्यांना बेशुद्धीतच केटामिन दिलं, निम्म्यांना नुसतं सलाइन. २०२३ साली निकाल आला, दोन्ही गटांचं नैराश्य जवळजवळ सारखंच उतरलं होतं. उंदरांना कसलीच अपेक्षा नसते, तरी त्यांचे काटे वाढतात. या रुग्णांना अपेक्षा होती, आणि औषधाशिवायही ते सुधारले. हे दोन्ही निकाल एकत्र कसे बसवायचे? विस्कॉन्सिन विद्यापीठाने मोजक्या निरोगी स्वयंसेवकांना सायलोसायबिनबरोबर मिडाझोलाम देऊन पाहिलं. शस्त्रक्रियेआधी आपल्याकडेही सर्रास देतात ते हे औषध, त्याने आठवणी नीट साठत नाहीत. स्वयंसेवकांना त्या वेळी अनुभव आला, पण नंतर त्याची आठवण पुसट झाली. अशी आठवण नसताना गुण येतो का, हे नैराश्याच्या रुग्णांवर पाहणं ही पुढची पायरी आहे.